"वर्षात नफा डबल" दाखवून आमचे पैसे नेले, तुम्ही सांभाळून रहा

२०१० च्या सुरुवातीची गोष्ट आहे. नागपूरच्या धरमपेठेत एक सल्लागार ऑफिस टाकून बसला होता, काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर टीव्ही. अमेरिकन शेअर घेऊन देतो म्हणे, तुमच्या नावानं अकाउंटची झंझट काहून करता, आमच्या अकाउंटातून घेऊ अन तुमचा हिस्सा वहीत लिहू. खरं तर रिझर्व्ह बँकेच्या स्कीममधून तेव्हाही स्वतःच्या नावानं वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत पाठवता येत होते, पण हे तो कशाला सांगेल.

मी अन भाऊजी समोर बसलो तर त्यानं ॲपलचे दोन प्रिंटआउट शेजारी शेजारी ठेवले. एकावर आदल्या वर्षीच्या डिसेंबर तिमाहीचा नफा १६१ कोटी डॉलर, दुसऱ्यावर ताजा ३३८ कोटी, अन मधात लाल पेननं गोल करून "डबल". आकडे दोन्ही खरे होते बरं का, बदमाशी तिथंच होती!

ॲपल आधी आयफोनचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेऊनही हिशेबात २४ महिन्यांत थोडे थोडे धरायची, कारण पुढं सॉफ्टवेअर अपडेट फुकट द्यायचे होते. २००९ मध्ये तिकडचा हिशेबाचा नियम बदलला, बहुतेक रक्कम विकल्याबरोबर धरता येऊ लागली, तर कंपनीनं आपणहून मागच्या वर्षांचे आकडेसुद्धा नव्या पद्धतीनं मांडून परत फाइल केले. त्यात १६१ चे २२६ झाले. म्हणजे वाढ २२६ वरून ३३८, दीडपट. तेही काही कमी नाही, पण डबल कुठंय? फोन विकून हातात आलेला पैसा तर तेवढाच होता, वहीत कधी धरायचा तेवढं बदललं. अन जानेवारीच्या निकालात कंपनीनं आदल्या वर्षाचा आकडा २२६ असाच दिला होता, यानं मुद्दाम जुना कागद हुडकून आणला.

भाचा सीए करत होता, त्यानं हे पकडलं. सल्लागाराला विचारायला गेलो तर तो म्हणे "भाऊ, ते टेक्निकल आहे." मग शेअर घेतल्याचा कागद मागितला, तर लेटरहेडवरची पावती अन रबरी शिक्का, शेअर किती, कोणत्या भावानं, काहीच नाही. पुढच्या खेपेला शटर डाऊन, घरमालकाचंही भाडं थकवून गेलेला.

कोणी असे दोन कागद पुढं केले तर नव्या कागदातलाच मागच्या वर्षाचा रकाना बघा, अन शेअर कोणाच्या नावावर येणार ते आधी लेखी घ्या. आम्ही पोलिसात तक्रार दिली, पावत्या जोडल्या, भाऊजी अजूनही अधूनमधून ठाण्यात विचारून येतात, पैसे काही आले नाहीत.