सर्व्हरचा प्रोसेसर (एपिक ७३०२पी) घेतला, त्याला आठ महिने झाले

भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी मी पंपांचे इंपेलर आणि ब्लोअर यांची सिम्युलेशन करून देते. सगळं काम ओपनफोमवर, म्हणजे पाणी-हवेचा प्रवाह गणिताने काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर. आधी साध्या पीसीचा रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर वापरत होते. १६ कोअर, ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारा. कॅडसाठी आजही माझ्या टेबलावर तोच आहे. पण मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे) मोठा झाला की रात्री लावलेला रन दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही संपेना. शेवटी एकच रन ४, ८ आणि १६ कोअरवर लावून वेळ मोजला. चारावरून आठावर चांगला फरक पडला, आठावरून सोळावर जवळजवळ काहीच नाही. कोअर रिकामे बसले होते, रॅममधून आकडे यायची वाट बघत. डीडीआर४-३२०० रॅमच्या एका चॅनलमधून (रॅम ते प्रोसेसर या एका वाटेतून) सेकंदाला २५.६ जीबी डेटा येतो आणि रायझनला चॅनल दोनच. आणखी कोअर घेऊन हे सुटणारं नव्हतं.

मग दोन पर्याय उरले: वर्कस्टेशनचा थ्रेडरिपर प्रो ५९५५डब्ल्यूएक्स किंवा सेकंडहँड सर्व्हर प्रोसेसर, एपिक ७३०२पी. दोन्ही १६ कोअरचे, दोन्हींना ८ चॅनल. थ्रेडरिपर ४.५ गिगाहर्ट्झला जातो, एपिक ३.३ लाच थांबतो. मी थ्रेडरिपरच घेणार होते. पण या प्रोसेसरांत कोअर वेगवेगळ्या चिपलेटवर (छोट्या चिपांवर) असतात आणि प्रत्येक चिपलेटची मधल्या आयओ डायपर्यंत, म्हणजे रॅमशी जोडलेल्या चिपपर्यंत, स्वतःची लिंक असते. ५९५५डब्ल्यूएक्सला चिपलेट दोन, ७३०२पीला चार. बाहेर आठ चॅनल असले तरी दोन लिंकमधून तेवढा डेटा मावत नाही. या पिढ्यांत एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) बघितली की हे लगेच कळतं: एका चिपलेटला ३२ एमबी, म्हणून थ्रेडरिपरला ६४ आणि एपिकला १२८. एपिकच्या यादीतही हाच खड्डा आहे. ७२८२ सुद्धा १६ कोअरचाच, पण त्याची मेमरी बँडविड्थ सेकंदाला ८५.३ जीबी, ७३०२पीची २०४.८. विकणारे मात्र दोन्हींचे कोअरच सांगतात.

एवढं वाचूनही रॅममध्ये मी चुकलेच. पुढे वाढवता येईल म्हणून ३२ जीबीच्या चारच स्टिक घेतल्या. चार स्लॉट रिकामे म्हणजे चार चॅनल बंद, आणि रन अपेक्षेइतका पळेना. त्या देऊन १६ जीबीच्या आठ घेतल्या. रॅम तीच १२८ जीबी, पण रायझनवर पूर्ण दिवस घेणारा रन आता साधारण निम्म्या वेळात संपतो. बायोसमध्ये एनपीएस४ (मेमरी चार भागांत वाटणारी सेटिंग) करून कामाचा प्रत्येक तुकडा ठरावीक कोअरला बांधून दिला की अजून थोडा वेळ वाचतो.

त्रास मदरबोर्डाचा झाला. पहिल्यांदा बटण दाबलं तर तीन-चार मिनिटं स्क्रीन काळी, बोर्डावर दोन आकडी कोड बदलत राहिले. बोर्ड मेला समजून मी वीजच बंद केली. मेला नव्हता, रॅम तपासत होता, आणि दरवेळी तेवढाच वेळ घेतो. मग पंखे. मी मुद्दाम शांत, हळू फिरणारे लावले होते. बोर्डाला ठरावीक वेगाखालचा पंखा म्हणजे बिघडलेला पंखा. तो सगळे पंखे पूर्ण जोरात सोडायचा, वेग वाढला की शांत व्हायचा, काही सेकंदांनी परत तेच. दोन दिवस घरात कुणी झोपलं नाही. आयपीएमआयटूल या बोर्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने वेगाची खालची मर्यादा उतरवली आणि थांबलं. ऑडिओ जॅक नाही, मॉनिटरला व्हीजीए. मशीन आतल्या खोलीत ठेवलं, आता त्याच्यासमोर कुणी बसतच नाही.

पण याच बोर्डाने मला जिंकलंही. गौरी-गणपतीला साताऱ्याला गावी होते. पुण्यात वीज गेली, यूपीएस संपला, मशीन बंद. बोर्डावरचा बीएमसी (दुरून मशीन सांभाळणारा छोटा स्वतंत्र संगणक) मुख्य मशीन बंद असतानाही जागा असतो. वीज आल्यावर ओसरीत बसून फोनवरून व्हीपीएनने त्यात शिरले, मशीन चालू केलं, रन जिथे सेव्ह झाला होता तिथून पुढे लावला. (बीएमसी थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका, व्हीपीएनच्या आतच ठेवा.) पाचव्या महिन्यात त्याच्या लॉगमध्ये एका स्लॉटच्या नावाने दुरुस्त केलेल्या ईसीसी चुका दिसायला लागल्या (ईसीसी म्हणजे रॅममधला उलटलेला बिट ओळखून सुधारायची सोय). स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली, चुकाही तिच्यामागे गेल्या. बदलून घेतली. रायझनमध्ये माझी ईसीसी नसलेली साधी रॅम होती. तिथे असा एखादा बिट उलटला असता तर चुकीचा आकडा ग्राहकाच्या रिपोर्टात गेला असता आणि मला कळलंही नसतं. या एका गोष्टीसाठी मी आता साध्या रॅमवर मोठा रन लावत नाही.

कॅड, फोटो, गेम, व्हिडिओ एडिटिंग यांसाठी मात्र हा एपिक घेऊ नका. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल फिरवताना ३.३ गिगाहर्ट्झ हाताला जाणवतो. काही न करताही तो रायझनपेक्षा जास्त वीज खातो. एकाच मशीनवर दिवसभर बसून सगळं करायचं असेल, तर पैसे साठवून जास्त चिपलेटचा थ्रेडरिपर प्रो बघा.

सेकंडहँड घेणार असाल तर एक तपासा. काही एपिक पहिल्यांदा ज्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये बसले, त्याच कंपनीच्या बोर्डाला कायमचे लॉक झालेले असतात. वरून बघून ते ओळखू येत नाही. मी माझा बोर्ड आणि रॅम मुंबईला दुकानात घेऊन गेले, प्रोसेसर तिथेच बसवला, स्क्रू १-२-३ या क्रमाने आवळले आणि बायोस दिसेपर्यंत थांबले. मालक म्हणाले, "अहो मॅडम, चालत नाहीये." मी म्हटलं, "चार मिनिटं द्या." बायोस आलं, मग पैसे दिले.