अमरावतीच्या डीलरकडून जुनी वॅगनआर घेतली, रिपेरिंगचे पैसे कोणी भरले ते सांगतो

उन्हाळ्यात अमरावतीच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून वॅगनआर घेतली, २०१६ चं मॉडेल, पेट्रोल, २ लाख ८५ हजारात. डीलरचं नाव टाकत नाही, त्याची बदनामी करायची नाही मला. पण जुनी गाडी घेतल्यावर काम निघालं तर खर्च कोणी करायचा यावरून आपल्या दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर भागात लय भांडणं होतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी चांगलं ते सांगतो. कागदपत्रात हा माणूस एकदम साफ आहे. आरसी ओरिजिनल, आधीच्या मालकाचं लोन फिटल्याची बँकेची एनओसी, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, सगळं आरटीओत त्यानेच नेऊन दिलं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचा नियम आहे, ते त्याच्याकडं होतं, मागितल्यावर लगेच दाखवलं. आणि नावावर करायचं काम लांबवलं नाही, हे महत्त्वाचं, कारण आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरतात, अपघात झाला तर नोटीस त्याच्याच घरी येते.

गाडी पाहायला मी आमच्या गावचा मिस्त्री सोबत नेला होता. त्याने चालवून पाहिली अन तिथल्या तिथं सांगतलं की क्लच प्लेट संपत आली आहे. त्यावर आम्ही भाव पाडला, डीलरने पैसे कमी केले, म्हणजे क्लच माझ्याकडं लागला. पुढं क्लच बसवायला सहा हजार लागले ते मी भरले आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, वायपर, क्लच हे झिजणारं सामान आहे, जुन्या गाडीत ते झिजलेलंच असणार, पाहून घेतलं की आपलं झालं. डीलरच्या मागं ब्रेक पॅडसाठी भांडणारे लोक मी पाहिले आहेत, ते चूक आहे असंच माझं मत आहे.

खरा लोच्या रेडिएटरचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीचा. महिना व्हायच्या आत, भर मे महिन्यात, आईला दवाखान्यात घेऊन चाललो होतो अन टेंपरेचरचा लाल दिवा लागला, लगेच बंद केली तरी बोनेटमधून वाफ. तिथून ट्रॅक्टरने टोचन करून, म्हणजे मागं बांधून ओढत, गाडी दर्यापूरला आणली. मिस्त्रीने गाडी पूर्ण थंड होऊ दिली, मग रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं तर बोटाला पिवळा चिकट गाळ. वास घेतला अन म्हणाला, "भाऊ, हे पाय, हयद टाकली हाय यात." रेडिएटर बारीक गळत असला की हळद टाकून भोक बुजवायचा जुगाड आपल्याकडं जुने ड्रायव्हर करतात, दोन-चार दिवस गळती थांबते पण नंतर त्याच गाळाने नळ्या बंद होतात. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाच्या चहासारखा फेस, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं झाकण, हेड, त्याच्याखालचं सील) गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरलं.

डीलरला फोन केला तर तो म्हणे, "भाऊ, तुमच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं, तुम्हीच टाकलं असन, त्यानं रेडिएटर सडते, आता मी काय करू?" आता ही गोष्ट ऐकायला बरोबर वाटते. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूला आपलं पाणी खारं आहेच, रेडिएटरमध्ये टाकलं तर खार बसतोच. पण खाऱ्या पाण्याने हळद येत नाही नं बाप्पा. आणि तेवढा जाड खार महिन्याभरात बसत नाही, त्याला वर्षं लागतात. मी तर गाडी आणल्यापासून पाण्याचा थेंब टाकला नव्हता, कूलंटच वापरलं, त्याची पावती होती.

मग तो दुसऱ्या मुद्द्यावर आला. डिलिव्हरीच्या पावतीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम निघालं तर ३ महिने खर्च डीलरकडं. तर म्हणे रेडिएटर म्हणजे इंजिन नाही, कूलिंग सिस्टीम आहे. मी म्हटलं रेडिएटरचं राहू दे, हेड तर इंजिनचंच आहे नं, अन हेड ज्याच्यामुळं गेलं ते रेडिएटरचं भोक तुमच्याकडून गाडी निघायच्या आधीच हळदीने बुजवलेलं होतं. शिवाय त्याच पावतीवर खाली शिक्का होता, "जशी आहे तशी विकली, नंतर जबाबदारी राहणार नाही." वर हाताने एक लिहायचं अन खाली शिक्क्याने दुसरंच, हे मला पटत नाही.

कायद्याचं जेवढं माहीत आहे ते सांगतो. मालविक्री कायदा १९३० चा आहे, त्यात असं आहे की तपासून घेतलेल्या मालात तपासताना दिसायला पाहिजे होता असा दोष नंतर विकणाऱ्यावर टाकता येत नाही. म्हणून क्लच माझा. पण वरून पाहून दिसतच नाही असा दोष वेगळा. आणि विकणाऱ्याला माहीत असून त्याने तो झाकला तर करार कायदा त्याला सरळ फसवणूक म्हणतो, तिथं "जशी आहे तशी" चा शिक्का मारून सुटका होत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा डीलरला लागतो. तक्रार २ वर्षांच्या आत करायची, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे गाडी नागपूरहून घेतली तरी केस अमरावतीत टाकता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. गाडी पोट भरायला स्वतः चालवायला घेतली, काळीपिवळीवाल्यांसारखी, तरी ग्राहक धरतात. शेजाऱ्याकडून किंवा सोयऱ्याकडून घेतली तर मात्र हा कायदा कामी येत नाही, तो धंदा करणारा नाही नं.

आणि इन्शुरन्सवर भरवसा ठेवून राहू नका. माझ्या साळ्याने लगेच सांगतलं क्लेम टाक म्हणून, पण अपघात न होता मशीन आतून बिघडली, झिजली तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

मी काय केलं तर गाडी उघडायच्या आधी मिस्त्रीला थांबवलं. झाकण, गाळ, ऑइलचा फेस, किलोमीटरचा आकडा सगळ्याचा व्हिडिओ काढला, डीलरला व्हॉट्सअॅपवर पाठवला अन लिहिलं की तुमचा माणूस पाठवा, पाहून घ्या, मगच खोलतो. हे लय गरजेचं आहे, कारण एकदा रेडिएटर धुतला की पुरावा गेला. जुना रेडिएटर अन गॅस्केट फेकू दिलं नाही, अजून कोठ्यात पडलं आहे. मिस्त्रीकडून सहीचा कागद घेतला. मग १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मराठीत बोलता येते, अन तक्रारीचा नंबर डीलरला पाठवला.

तो नंबर गेल्यावर आवाज बदलला. त्याचा माणूस येऊन पाहून गेला, अन हळद पाहिल्यावर त्याच्याजवळ बोलायला काही राहिलंच नाही. गाडी अमरावतीला आमच्या गॅरेजमध्ये आणा म्हणे, मी नाही म्हटलं, बंद गाडी पन्नासेक किलोमीटर टोचन करून न्यायची तर तो खर्च कोणाचा? शेवटी काम दर्यापूरलाच झालं. नवा रेडिएटर, गॅस्केट, हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), ऑइल, मजुरी मिळून १४ हजार २०० झाले, त्यातले ११ हजार त्याने फोनपे केले. बाकीचे मी भरले, कारण ऑइल अन फिल्टर तसंही बदलायचंच होतं.

आता गाडी मस्त चालते, भर दुपारी परतवाड्यापर्यंत जाऊन आलो, टेंपरेचरचा लाल दिवा लागला नाही. गाडीत दोष नव्हता, तिची निगा घेणाऱ्यांमध्ये होता.

५ पैकी ३ देतो. कागदपत्राला पूर्ण मार्क, अन पैसे दिले हेही खरं. पण एवढा पुरावा समोर ठेवल्याशिवाय दिले नाही, ज्याच्याजवळ व्हिडिओ नाही की हाताने लिहिलेली पावती नाही अशा म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याने खाऱ्या पाण्याचंच सांगून वापस पाठवलं असतं, याचा मला राग आहे. अशा डीलरकडून घ्यायची असेल तर घ्या, पण रेडिएटरचं झाकण थंड गाडीवर स्वतः उघडून पाहा, अन पावतीवर इंजिनसोबत रेडिएटर, एसी अन टोचनचा खर्च असं नावानिशी लिहून घ्या. ट्रॅक्टरवाल्याचे दीड हजार त्याच्याकडं अजून बाकी आहेत, मागणं चालू आहे, दिले की इथंच लिहीन.