बीटलचं नवीन छत: सगळं झकास, पण ती भोकांची रांग!

फोक्सवॅगन बीटलला आतून लावायच्या छताचं (पत्र्याखालच्या अस्तराचं) तयार किट आणून मी स्वतः बसवलं. त्याची मागच्या काचेच्या वरची कड उन्हात सुटून लोंबायला लागली, म्हणून एकदाचं लिहायला बसलो. नाहीतर या किटबद्दल चांगलंच लिहायचं मनात होतं. तसं बरंचसं चांगलंच आहे.

गाडी १९६७ ची बीटल. किट तयार शिवलेलं, बारीक भोकांच्या व्हिनाइलचं, मूळचं होतं त्याच जातीचं. छत ताणून धरणाऱ्या प्रत्येक आडव्या सळीसाठी, पायजम्याच्या नाडीला असतो तसा नेफा शिवलेला, आणि सोबत स्प्रे गोंदाचा डबा. मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यात ही गाडी २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. ददात आहे ती सरळ शिवण घालणाऱ्याची.

काचा काढल्याशिवाय हे काम होत नाही, कारण छताची कड काचेच्या रबराखाली दबते. जुनं रबर वाळून कडक झालेलं असतं, ते परत बसवलं तर पाणी आत येणार हे नक्की. म्हणजे नव्या रबरांचा खर्च आलाच, आणि किटच्या जाहिरातीत त्याबद्दल अवाक्षर नाही. सळ्या काढताना पुढून मागे क्रमांक टाकले. घासून, गंजरोधक रंग देऊन मगच नेफ्यात सरकवल्या. कितीही घाई असली तरी हे टाळू नका, गंजाचा डाग कापडातून उमटला की आतून पुसता येत नाही.

व्हिनाइल उन्हात चांगलं तापवून घेतलं की हाताला मऊ लागतं आणि हवं तसं ओढता येतं. आधी मधोमध, मग पुढे-मागे, शेवटी बाजू. तात्पुरते चिमटे लावायचे आणि पुन्हा पुन्हा ओढून बघायचं. या भोकांच्या मालाची एक सोय आहे. ताण जास्त झाला की गोल भोक लांबट दिसायला लागतं. तिथे थांबायचं. उलटी बाजू अशी की गोंदाचा हात जड झाला तर तो भोकांतून पुढे येतो आणि पिवळट ठिपके राहतात. सन व्हायजरच्या स्क्रूची भोकं दाभणाने चाचपडून शोधली. कडा कापल्या त्या सगळ्यात शेवटी.

आता रांग. दुसऱ्या नेफ्यापासून पुढे भोकांच्या रांगा काचेच्या कडेला समांतर जात नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूला निघालेली रांग पलीकडे पोचेपर्यंत बोटभर मागे सरकते. सुरुवातीला वाटलं, ओढण्यात कमी-जास्त झालं असेल. चिमटे सोडले, पुन्हा ओढलं, आडवा दोरा ताणून पाहिलं. रांग तशीच. मग शिवणीवर बोट फिरवत गेलो तेव्हा कळलं की मुळात पट्टाच तिरका कापून शिवलाय. ओढून ते कसं सरळ होणार? शेजारी बसणाऱ्यांपैकी एकालाही हे आपणहून दिसलेलं नाही. मी दाखवलं की मग दिसतं. मला मात्र सिग्नलला गाडी थांबली की दुसरं काही दिसतच नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "साहेब, इतकं कोण बघतं?" मी बघतो ना! पैसे मी मोजलेत.

सुरुवातीला माझी दुसरी तक्रार सुरकुत्यांची होती. मागच्या कोपऱ्यात, काचेच्या वळणावर, बारीक चुण्या राहिल्या होत्या आणि मी पार वैतागलो होतो. ती तक्रार मागे घेतो. गाडी उन्हात उभी राहत गेली तशा त्या आपोआप बसल्या. एक हट्टी चुणी होती, तिला हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) लांबून धरून हलती ठेवली. एका जागी गन थांबली तर व्हिनाइल चकाकतं, आणि ती चकाकी कायमची.

अनपेक्षित फायदा आवाजाचा. काचा निघालेल्याच होत्या, म्हणून छताच्या पत्र्याला आतून नमदा चिकटवून घेतला होता. हवेने थंड होणारं इंजिन मागे, त्यामुळे या गाडीत बोलायचं म्हणजे ओरडायचं हे ठरलेलं. आता मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू येतं. पत्र्याची झणझण गेली, आणि उन्हात डोक्यावर जी भट्टी पेटायची तीही मंदावली. श्रेय नमद्याचं जास्त, किटचं कमी. आणि नमदा किटमध्ये येत नाही.

मग ती लोंबणारी कड. डब्यातला गोंद लावताना छान वाटतो, फवारला की झालं. पण छताचा पत्रा उन्हात किती तापतो याचा विचार तो भरणाऱ्याने केलेला दिसत नाही. कड सोलून बघितली तर गोंद च्युइंगगमसारखा ताणला जात होता. सगळा खरवडून काढला आणि जास्त तापमान सोसणारा, ब्रशने लावायचा कॉन्टॅक्ट गोंद आणला. दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकू द्यायचा, मग दाबायचं. ती कड आता नखाने उचलली जात नाही. बाकीच्या कडा अजून डब्यातल्या गोंदावरच आहेत. एकेक करून त्याही करणार. म्हणजे रबरं पुन्हा उचकटायची!

किटचा माल चांगला, जाडी योग्य, वास पटकन गेला, मापही बरोबर. पाचपैकी साडेतीन देतो. एक गोंदाचा कापला, अर्धा रांगेचा. खरं तर उलटं करावंसं वाटत होतं.

रांगेबद्दल पुन्हा फोन केला तेव्हा विकणारा चक्क बदलून द्यायला तयार झाला. अट एकच, जुनं छत न कापलेलं, न चिकटवलेलं, मूळ पिशवीत घालून परत पाठवायचं.