‘पूर्ण सेट’ मागवला आणि मेलेले शंख वेचत बसले

खाऱ्या पाण्याची टाकी नुकतीच लावली असेल आणि कोणी तुम्हाला लिटरच्या हिशेबानं ‘क्लीनअप क्रू’, म्हणजे टाकी साफ करणाऱ्या जिवांचा संच, विकू पाहत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

माझी टाकी 200 लिटरची. सहाव्या आठवड्यात वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर धरला आणि मी घाबरले. विक्रेत्याला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, की हे आपोआप जाणार नाही, सफाई करणारे जीव सोडावेच लागतील, तुमच्या टाकीच्या मापाचा पूर्ण सेट पाठवतो. तो थर डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाचा होता. नव्या टाकीत सिलिकेटवर तो वाढतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत स्वतःच ओसरतो. रोज हाच व्यवसाय करणाऱ्या माणसाला एवढं माहीत नसेल, हे मला पटत नाही.

सेटमध्ये 40 ‘टर्बो’ गोगलगायी, रिकाम्या शंखात राहणारे 20 हर्मिट खेकडे, वाळू चाळणारा एक तारामासा आणि दोन ‘पेपरमिंट’ कोळंब्या होत्या. सोबत सूचना अशी, की पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगवा आणि सोडून द्या. मी तसंच केलं. पिशवीतल्या पाण्याची घनता, म्हणजे खारेपणाचं माप, नंतर मोजली तर 1.020 भरली, माझ्या टाकीची 1.025. मासे असा फरक थोडाफार सोसतात. गोगलगायी, कोळंब्या आणि तारामासे यांना तो फार जड जातो, म्हणून टाकीचं पाणी बारीक नळीनं थेंब थेंब मिसळत त्यांना तासभर तरी सवय करून द्यावी लागते. हे त्यानं सांगायला हवं होतं.

पहिले चार दिवस काच लखलखत होती आणि मी खूश होते. मग गोगलगायी काचेवरून गळायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळी चार-पाच उलट्या पडलेल्या दिसायच्या. मेलेली गोगलगाय ओळखणं सोपं आहे: तोंडावरचं झाकण सैल लोंबतं आणि बाहेर काढून वास घेतला की शंका उरत नाही. पण खडकामागे पडलेल्या मला दिसल्याच नाहीत. त्या तिथेच कुजल्या, अमोनिया चढला आणि जो मासा इतके दिवस धडधाकट होता तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. तीन दिवस पाणी बदलत राहिले तेव्हा कुठे तो वाचला.

विक्रेता म्हणाला, तुमच्या पाण्यातच दोष आहे, आमची हमी माल जिवंत पोहोचेपर्यंत. तेव्हा मी एक शंख भिंगाखाली धरून बसले आणि ओळख पटवली. ते टर्बो नव्हतेच. त्या मार्गारिटा गोगलगायी होत्या, अलास्का ते कॅलिफोर्निया या थंड किनाऱ्यावरच्या. माझं पाणी 26 अंश. त्या तापमानात त्या काही आठवडे कशाबशा तगतात आणि मरतात, पाणी कितीही स्वच्छ ठेवा. ‘जिवंत पोहोचण्याची हमी’ अशा जिवांवर देणं किती सोयीचं आहे ते बघा: पोहोचतात जिवंतच.

कोळंब्यांची गोष्ट मला जास्त लागली, कारण तिथे नुकसान माझ्या प्रवाळांचं झालं. पेपरमिंट कोळंबी हवी होती ती एप्टेशिया, म्हणजे टाकीत तणासारखं पसरणारं समुद्रफूल, खाते म्हणून. आल्या त्या कॅमल कोळंब्या. दोन्ही लालसर, दोन्ही पट्टेदार, पिशवीत बघून घाईत फरक कळत नाही. पण कॅमलच्या अंगावर लाल-पांढऱ्या रेघांसोबत ठळक पांढरे ठिपके असतात, डोळे मोठे आणि पाठीला पोक. आठवडाभर झोअँथिड (माझे फुलासारखे उमलणारे प्रवाळ) मिटलेले का राहतात ते मला समजत नव्हतं. रात्री लाल उजेडात पाहिलं तर दोघी त्यांच्यावर बसून खात होत्या.

तारामासा चार महिने जगला. वाळू ‘चाळणारा’ म्हणतात, पण तो वाळू साफ करत नाही, तिच्यातले किडे आणि बारीक जीव खातो, म्हणजे वाळू जिवंत ठेवणारेच जीव. लहान टाकीत ते संपले की तो उपाशी राहतो. वाळूत पुरलेला असल्यामुळे हे आपल्याला कळतही नाही. मला कळलं तेव्हा त्याच्या भुजांची टोकं विरघळत आली होती. तो जीव 200 लिटरच्या टाकीत विकायलाच नको होता आणि मी घ्यायलाही नको होता.

हर्मिट बहुतेक टिकले. त्यांनी उरलेल्या गोगलगायींपैकी काही मारून शंख बळकावले. वाढत्या मापाचे रिकामे शंख टाकीत ठेवले तर हे बरंच कमी होतं. सेटमध्ये एकही रिकामा शंख नव्हता.

आता मी घेताना शास्त्रीय नाव लिहून मागते. ‘टर्बो’, ‘मिक्स गोगलगाय’ असं मोघम उत्तर आलं तर तिथेच थांबते. मग विचारते की हा जीव कुठल्या समुद्रातला, त्याला किती तापमान लागतं, आणि दिसतंय ते शेवाळ संपल्यावर काय खाईल. नॅसॅरियस गोगलगाय घेताना कोणी ‘शेवाळ खाते’ म्हणालं तर तो माणूस खोटं तरी बोलतोय किंवा त्याला माहिती नाही, कारण ती उरलेलं अन्न आणि मेलेलं मांस खाते. लाल चिकट थरावर, म्हणजे सायनोबॅक्टेरियावर, उपाय म्हणून गोगलगायी गळ्यात मारणाऱ्यांचंही तेच. तो थर यातलं जवळजवळ कोणीच खात नाही.

आज माझ्या टाकीत सहा ट्रोकस आणि चार सेरिथ गोगलगायी आहेत, एवढंच. ट्रोकस उलटली तरी स्वतः सुलटी होते. अॅस्ट्रिया जातीच्या गोगलगायीला ते सहसा जमत नाही आणि ती पडल्या जागी मरते. गेल्या महिन्यात मागच्या काचेवर ट्रोकसची मोहरीएवढी पिल्लं दिसली. हिरवं शेवाळ वाढलं तर आधी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजते, माशांचं खाणं कमी करते, नवी गोगलगाय आणत नाही.

त्या विक्रेत्याच्या यादीत ‘पूर्ण सेट’ अजून आहे. मागणी नोंदवताना टाकी किती लिटरची एवढंच विचारतात. तापमानाचा रकाना नाही.