मराठी खेळासाठी गोडो, युनिटी की अनरियल? आधी वेलांटी बघा

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची नावं नकाशावर लावायची, असा छोटा खेळ मी जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केला होता. बीड, जालना, परभणी, नांदेड, लातूर नीट दिसले आणि मी निर्धास्त झालो. वर्गात फोन फिरला तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘‘गुर्जी, हे धाराशवि कुठं आलं?’’ ‘श’ची वेलांटी त्याच्या मागं जाऊन ‘व’वर बसली होती. ‘छत्रपती’तला ‘त्र’ फुटून ‘त’चा पाय मोडला होता. नीट दिसलेल्या पाच नावांत ना ऱ्हस्व वेलांटी, ना जोडाक्षर. म्हणून ती वाचली. वाचायला शिकणाऱ्या लेकरापुढं चुकीचं अक्षर गेलं, हे मला फार लागलं.

देवनागरीत साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ‘शि’मध्ये आधी श साठवला जातो, मग वेलांटी, पडद्यावर मात्र वेलांटी आधी हवी. छापखान्यात हे जुळारी सांभाळायचा, संगणकात शेपिंग, म्हणजे अक्षरं जोडून जागेवर बसवण्याची पायरी, सांभाळते. हार्फबझ ही त्यासाठीची मुक्त लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड. गोडो, युनिटी, अनरियल ही खेळ बांधायची सॉफ्टवेअर, त्यांना इंजिन म्हणतात. तुमच्या इंजिनात ती मजकुरापर्यंत पोचते का, यावरच माझी निवड ठरते.

गोडोच्या ४.० आवृत्तीत (मार्च २०२३) ती आली. फॉन्ट टाकला, मराठी लिहिलं, झालं. गोडो ३ मध्ये ही सोय नव्हती, त्यामुळं जुने व्हिडिओ बघून नाउमेद होऊ नका. संवाद एकेक अक्षर उमटवायचा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. लेबलमध्ये, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत, अक्षरांची मोजणी ‘शेपिंगआधी’ ठेवली की ‘क्ष’ उमटताना आधी क, मग पायमोडका क्, मग क्ष असा दिसतो. ‘शेपिंगनंतर’ निवडलं की अक्षर अख्खं येतं. लेबलची भाषा मराठी ठेवली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे मिळतात. इंजिन फुकट, परवाना एमआयटी, म्हणजे वापरायला मोकळा. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवतो.

युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेश प्रो अक्षरांच्या कडा सुरेख काढतं, पण वेलांटी जागेवर नेत नाही. मग लोक मजकूरच उलटापालटा करून भरतात, टायपिंगच्या दुकानात कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये करतात तसं. दिसायला बरोबर, पण आत खरं मराठी उरत नाही. मुलानं टाईप केलेलं उत्तर ताडून बघायला गेलात की जुळत नाही. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिट या पडदे बांधायच्या साधनासोबत ‘ॲडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर’ आहे, तो हार्फबझ वापरतो. युनिटी येत असेल तर पडदे त्यातच बांधा.

अनरियलमध्ये हार्फबझ आहेच. शेपिंग ‘आपोआप’वर न सोडता ‘फुल’ निवडा. साध्या फोनवरच्या द्विमितीय खेळाला मात्र ते फार जड.

कडा रेखीव दिसण्याचा प्रश्न निराळा. अंतराच्या नकाशावरून अक्षर काढायची एसडीएफ पद्धत व्हॉल्व या गेम कंपनीच्या ख्रिस ग्रीननं २००७ मध्ये मांडली. तिच्यात कोपरे गोलसर होतात. व्हिक्टर ख्लुम्स्कीच्या एमएसडीएफ या तिच्या सुधारित रूपात ते टिकतात, आणि गोडोत फॉन्ट आयात करतानाच तो पर्याय मिळतो. फॉन्टच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या असतील तर मात्र अक्षरात चिरा दिसतात, तेव्हा शिरोरेघ जवळून बघा. एरिक लेंगयेलचं स्लग हे सॉफ्टवेअर अक्षराच्या वक्रांवरून थेट चित्र काढतं, कितीही मोठं केलं तरी अक्षर फाटत नाही. पण यातलं काहीच वेलांटी जागेवर नेत नाही. ते काम शेपिंगचंच.

फॉन्टसाठी ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) घ्या. मोफत आहे आणि खेळासोबत देता येतो. मग वर्गातल्या सगळ्यात साध्या फोनवर हिंगोली, धाराशिव, छत्रपती, ज्ञानेश्वर आणि शेतकऱ्यांच्या हे पाच शब्द उघडा. शेवटच्या शब्दात आडव्या ‘र’ऐवजी खाली टिंब असलेला, पाय मोडलेला ‘र’ दिसला, तर फॉन्ट बदला.