पूलच्या पाण्याला गोळ्या की कॅन?

मामेभावाने शिरूरजवळच्या शेतात पोहायचा पूल बांधायला घेतलाय. टाइल्स ठरल्या, लाइट ठरले, कडेची फरशीसुद्धा आली. परवा त्याचा फोन आला, "दादा, क्लोरीन कुठलं आणू? दुकानदार म्हणतो गोळ्याच घ्या, डोक्याला ताप नाही." पंधरा मिनिटं बोललो, तरी ठेवताना वाटलं की मुख्य मुद्दा राहूनच गेला. म्हणून लिहून काढतोय.

पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क ते सांगणारा आकडा) 7.2 ते 7.6 ठेवायचा, फिल्टर रोज चालवायचा, या गोष्टी गृहीत धरतो. त्या पूल बांधणारा पहिल्याच दिवशी सांगतो.

माझा पूल सासवडच्या पुढे आहे. आठ बाय चार मीटर, पाणी साधारण 40 हजार लिटर. भरला बोअरच्या पाण्याने, उन्हाळ्यात टँकरने. पहिल्या वर्षी गोळ्या वापरल्या, पुढची दोन वर्षं कॅन. गोळ्या म्हणजे टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) 200 ग्रॅमच्या पांढऱ्या चकत्या, बादलीत येतात. कॅन म्हणजे लिक्विड क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट, सगळे ज्याला नुसतं हायपो म्हणतात ते. बाजारात आणखीही पर्याय आहेत, पण खरी निवड या दोघांत होते. ब्लीचिंग पावडर मी एकदाच वापरली. तळाशी चुन्याचा गाळ बसला आणि बोअरच्या जड पाण्यात आणखी कॅल्शियम गेलं. मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र शेजारच्या फार्महाऊसवर आहे. तिथे सेलवर, म्हणजे क्लोरीन बनवणाऱ्या भागावर, चुन्याची पुटं चढतात, दर महिन्याला काढून धुवावी लागतात, आणि वीज गेली की क्लोरीनही गेलं. आमच्याकडे विजेचा भरवसा कितपत, ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको.

तर गोळ्या. पहिले चार महिने मी त्यांच्या प्रेमात होतो. शनिवारी आलं, फ्लोटरमध्ये, म्हणजे तरंगत्या डब्यात, चार गोळ्या भरल्या, झाकण फिरवलं, पाण्यात सोडला, पुण्याला परत. आठवडाभर तो बदकासारखा पूलभर फिरत राहतो आणि गोळ्या हळूहळू विरतात. शेतावर राहणाऱ्या तात्यांना काही मोजायला नको, ओतायला नको. शिवाय एक गोष्ट गोळ्यांच्या बाजूने नक्कीच आहे, आणि तिची फारशी कुणी आठवण करून देत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, भरपूर असते. माझी पहिल्या दिवशी 280 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) होती. अशा पाण्यात पीएच सतत वर चढतो. गोळी मुळात आम्लधर्मी असल्यामुळे ती हे चढणं परस्पर खाली ओढत राहते. त्या वर्षी ॲसिडची बाटली मी जवळजवळ उघडलीच नाही.

मग बिनसलं कुठे?

फेब्रुवारीच्या शेवटी तात्यांचा फोन. "भाऊ, पायरीच्या कोपऱ्यात हिरवं आलंय, पाय घसरतोय." मी शनिवारी जाऊन किट काढलं. क्लोरीन तीन पीपीएम. पुस्तकात हवं तेवढंच. पीएचही ठीक. दोन गोळ्या जास्त टाकल्या. पुढच्या शनिवारी भिंतीवर हात फिरवला तर बोटाला बुळबुळीत लागलं. दुकानदाराने मोरचूद सुचवलं. ते मी टाकलं नाही, कारण पुतणीचे केस सोसायटीच्या पूलमध्ये एकदा हिरवट झालेले पाहिले होते. मग तुरटी टाका म्हणाला. टाकली. पाणी दोन दिवस काचेसारखं झालं आणि पुन्हा हिरवं.

शेवटी पुण्याहून सायन्युरिक ॲसिड (ते काय, पुढे सांगतो) तपासायचं किट मागवलं. ही चाचणी मजेशीर असते. पाण्याच्या नमुन्यात पावडर मिसळली की ते दुधाळ होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते थेंबथेंब ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. ठिपका लवकर गेला तर आकडा मोठा. माझा ठिपका नळीत बोटभर पाणी जायच्या आतच गेला. नळीवरची खूण 100 वर संपते. मग नमुन्यात तेवढंच बोअरचं पाणी मिसळून पुन्हा केलं, 70 आला. म्हणजे पूलमध्ये 140.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण बादलीवर हे बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं. गोळीत क्लोरीन एकटं येत नाही, सायन्युरिक ॲसिडला बांधलेलं येतं. क्लोरीन आपलं काम करून संपतं, सायन्युरिक तिथेच राहतं. ते उडत नाही, वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही, कुठल्याही साध्या औषधाने जात नाही. माझ्या पाण्याच्या हिशेबात एक गोळी विरली की साडेचार पीपीएम क्लोरीन मिळतं आणि मागे पावणेतीनच्या आसपास सायन्युरिक उरतं. आठवड्याला चार गोळ्या म्हणजे अकरा. थंडीत गोळ्या कमी लागल्या म्हणून, नाहीतर 140 वर थांबलो नसतो.

सायन्युरिक वाईट नाही, उलट थोडं हवंच. ते नसेल तर आमच्या माळरानावरच्या उन्हात दुपारच्या दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. 30 ते 50 असलं की छान. पण ते जितकं वाढतं तितकं क्लोरीनला धरून ठेवतं. 140 ला शेवाळ आटोक्यात ठेवायचं तर क्लोरीन दहाच्या वर लागतं, आणि मी तिनावर खूश होतो. किट खोटं बोलत नव्हतं. मीच त्याला अर्धा प्रश्न विचारत होतो.

उपाय एकच, पाणी काढा आणि नवीन भरा. 140 वरून 50 वर यायचं म्हणजे 25 हजार लिटर.

मार्च महिना. पुरंदर तालुका. आधी चार दिवस गोळ्या बंद ठेवून क्लोरीन उतरू दिलं, त्यात पूल आणखीनच हिरवा झाला. मग पंप लावून पाणी बांधाकडे सोडलं. तात्या म्हणाले, "भाऊ, सीताफळांना तरी लावू की." मला धीर झाला नाही. पाइप बांधावर ठेवून आम्ही दोघं उभे होतो आणि वरच्या रस्त्याने पाण्याचा टँकर वाडीकडे चालला होता, त्याच्या मागे सायकलला दोन-दोन कळशा अडकवलेली पोरं. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तीन टँकर विकत मागवले. पैशाचं सोडा, पण त्या दुपारनंतर बादलीचं झाकण उघडायची इच्छाच गेली.

म्हणून कॅन. त्याचे जाच मी लपवणार नाही. 35 लिटरचा कॅन चाळीस किलोच्या वर भरतो, तो गाडीतून काढायला दोन माणसं लागतात. झाकण गच्च बंद करायचं नाही, आतून वायू सुटत असतो. एकदा वळणावर कलंडला आणि डिकीच्या कार्पेटवर रुपयाएवढा पांढरा डाग पडला, तो अजून आहे. मुख्य म्हणजे हायपो नासतो. ताजा असताना दहा टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा संध्याकाळी एक लिटर टाकला की अडीच पीपीएम मिळतात. मे महिन्यात शेडमध्ये ठेवलेला कॅन तिसऱ्या आठवड्यात दीड लिटर मागायला लागला. एप्रिल-मेमध्ये मी एका वेळी एकच कॅन आणतो, तोही दुकानात कधी आला ते विचारून. उन्हात ठेवलेले कॅन दिसले तर न घेता परत येतो.

आणि रोज कुणीतरी ओतावा लागतो. तात्या सूर्य मावळल्यावर मापाचा मग भरतात, पंप सुरू असताना पाणी जिथून आत येतं तिथे हळूहळू ओतत कडेने चालतात. पाच मिनिटांचं काम. पहिल्या आठवड्यात त्यांना ते झंझट वाटलं. आता म्हणतात की यात निदान काय टाकलं ते कळतं.

पीएचचं मात्र उलटं झालं. गोळ्यांचं आम्ल बंद झाल्यावर दर आठवड्याला पीएच 8 च्या वर. वॉटरलाइनच्या टाइलवर नळाच्या तोटीवर येतात तसे पांढरे खवले. दुकानदार म्हणाला, बघा, लिक्विडने पीएच वाढतो. पूर्ण खरं नाही. हायपो ओतल्यावर पीएच चढतो, पण क्लोरीन वापरलं जाताना तो बराचसा परत येतो. खरा गुन्हेगार बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी. माझ्या 40 हजार लिटरला एक लिटर ॲसिड टाकलं की ती बारा-तेराने उतरते. दीड-दोन महिने दर शनिवारी लिटर-दोन लिटर टाकत ती शंभरच्या आत आणली, तेव्हापासून पीएच फारसा हलत नाही. महिन्यातून एकदा ॲसिड लागतं, टँकरचं पाणी घातलं तर दोनदा.

कॅन मागे काहीच ठेवत नाही असंही नाही. तो मीठ ठेवतो. पण मिठाने क्लोरीनचे हात बांधले जात नाहीत, आणि साधारण तीन हजार पीपीएमच्या आत ते पोहणाऱ्याच्या जिभेलाही कळत नाही. फिल्टर उलटा धुताना थोडं निघून जातं. माझ्यापुरतं तरी तेवढं पुरलं आहे.

खर्चाचं म्हणाल तर महिन्याचा हिशेब दोन्हींचा माझ्याकडे जवळपास सारखाच येतो. त्या तीन टँकरचे पैसे गोळ्यांच्या खात्यात धरले तर येत नाही.

एवढं लिहूनही मी सगळ्यांना कॅनच घ्या म्हणणार नाही. तुमचा पूल कर्जत, खोपोली किंवा कोकणात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर कोसळतो. कमरेपेक्षा थोडा खोल पूल जूनपासून ओसंडून वाहत राहतो आणि सप्टेंबरपर्यंत साठलेलं बरंचसं सायन्युरिक पाऊसच धुऊन नेतो. त्यांना गोळ्या खुशाल चालतील, फक्त होळीच्या सुमारास एकदा ठिपक्याची चाचणी करावी. शेतावर राहतं माणूसच नसेल, तरीही गोळ्या किंवा मग हायपो थेंबथेंब सोडणारा छोटा पंप. तो मी बसवलेला नाही, तात्या आहेत तोवर बसवणारही नाही. पण आमच्यासारख्या पावसाच्या छायेतल्या भागात, जिथे पूलमध्ये येणारं प्रत्येक पाणी विकत किंवा खोलातून येतं, तिथे गोळ्यांचा हिशेब मला तरी जुळवता आला नाही.

काहीही घ्या, दोन गोष्टींत सवलत नाही. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात, एकाच चमच्याने, एकाच फ्लोटरमध्ये कधीही नकोत, एकत्र आल्या तर स्फोट होतो. हायपो आणि ॲसिड एकाच दिवशी टाकायची वेळ आलीच तर मध्ये काही तास जाऊ द्या, पंप चालू ठेवा, दोघांचे मापाचे मग वेगवेगळे ठेवा. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. आमच्याकडे ॲसिड पंपरूममध्ये आणि हायपो गोठ्यामागच्या शेडमध्ये असतो, मध्ये पूर्ण अंगण.

किट घेताना थेंब टाकल्यावर पिवळं होणारं घेऊ नका, गुलाबी होणारं घ्या. पिवळं एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं कामाचं किती ते सांगत नाही. गुलाबीचीही एक खोड आहे. क्लोरीन फारच जास्त असलं की रंग येऊन लगेच उडतो आणि नळी पांढरी दिसते. मी एकदा त्याला शून्य समजून आणखी लिटरभर ओतला होता. रविवारी पोरांचे स्विमिंग कॉश्चूम फिके पडले आणि बायकोने दुपारभर माझ्याशी बोलणं टाकलं.

गोळ्या मी पूर्णपणे सोडल्या असंही नाही. पाणी नवीन भरलं की सायन्युरिक शून्य असतं, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत बारा-तेरा गोळ्या विरू देतो. आकडा 35 च्या आसपास आला की फ्लोटर धुऊन शेडमध्ये टांगतो आणि पुढे वर्षभर कॅन. मामेभावाचाही पूल एवढाच, म्हणून त्याला शेवटी फोनवर एवढंच सांगितलं की पाच किलोची एक बादली घे, तीही अर्धी उरेल. तो म्हणाला, "दादा, दुकानदाराने पन्नास किलोचा ड्रम सकाळीच पाठवलाय."