कमी तासांचे जुने इंजिन की जास्त तासांचे वापरातले?

तारकर्लीत पर्यटकांना फिरवण्यासाठी जुनी होडी घेऊ पाहणाऱ्या एका परिचितांपुढे दोन होड्या आहेत. दोन्हींवर फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन) आहे. पहिलीचे इंजिन १० वर्षांत ३०० तास चालले आहे, दुसरीचे ५ वर्षांत १,४००.

चाललेले तास मोजणारे मीटर पाहून पहिलीचा मालक जास्त किंमत सांगतो, पण वर्षाला ३० तास म्हणजे इंजिन बहुतेक काळ उभेच होते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुतले नसेल, तर थंडाव्याच्या वाटांत मीठ साचते; शिवाय नुसते उभे राहूनही कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो आणि पाण्याच्या पंपाचे रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) कडक होते. यांपैकी काहीही मीटरवर दिसत नाही. दुसरीत खरी झीज आहे, त्यामुळे मोठी दुरुस्ती लवकर येईल हे धरूनच भाव पाडावा. मात्र दर १०० तासांनी तेल बदलल्याची वही असेल, तर मला या दुसरीचाच भरवसा अधिक वाटतो.

तपासणीचे कष्ट दोन्हीकडे सारखेच: प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजावे, गिअरचे तेल काढून पाहावे (दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे) आणि इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगावे.

रोजच्या धंद्यासाठी वही असलेली दुसरी होडी घ्यावी. सुट्टीपुरती हौस असेल आणि कॉम्प्रेशन सर्वत्र सारखे निघाले, तर पहिली चालेल, पण इंपेलर व कार्बोरेटरचा खर्च किमतीतून वजा करूनच.